पार्किंगमध्ये झोपायला गेलेल्या शेजाऱ्यांना काय सांगू?

वृंदा_तिसरा_मजला

नमस्कार. गेले काही आठवडे आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते आहे. बातमीत येण्याएवढं मोठं काही नाही. खिडकीच्या काचा थरथरतात, टांगलेला पंखा झुलतो, कधी खालून कुणी धक्का दिल्यासारखा एकच दणका बसतो आणि थांबतं. दिवसा झालं तर लोक बाल्कनीत येऊन एकमेकांना "तुम्हाला जाणवलं का?" असं विचारतात. रात्री झालं की उजाडेपर्यंत कुणाचा डोळा लागत नाही.

आमची इमारत चार मजली, साधारण पंचवीस वर्षं जुनी. तळाला घरं नाहीत, सगळं पार्किंग, नुसते खांब. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याची रात्रपाळी असते, म्हणजे नेमके रात्री आम्ही तिघंच. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. जिना उतरायचा म्हटलं की कठडा धरून एकेक पायरी.

मागच्या आठवड्यात जरा जोराचा धक्का बसला, तेव्हापासून इमारतीतली निम्मी कुटुंबं गाद्या घेऊन खाली पार्किंगमध्ये झोपताहेत. त्यांचं म्हणणं, वर राहिलो तर अडकू, खाली असलो तर दोन पावलांत बाहेर. सासूबाईही रोज संध्याकाळी म्हणतात, मला आत्ताच खाली नेऊन ठेव. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही, आणि रात्री तीन वाजता वाद घालायची ताकद नसते.

त्यात भर म्हणून फोनवर रोज नवा मेसेज. अमुक तारखेला इतक्या वाजता मोठा भूकंप होणार, पुढे पाठवा. मुलगा वाचायला शिकलाय, त्याने तो वाचला. आता झोपताना विचारतो, "आई, आज येईल का?"

मी एक बॅग भरून दाराजवळ ठेवली आहे. टॉर्च, पाणी, कागदपत्रं. पण बॅग भरून झाल्यावर लक्षात आलं की धक्का बसला तर त्या बॅगेपर्यंत मी पोचणार कशी, हेच मला माहीत नाही. पळायचं की थांबायचं? सासूबाईंना घेऊन काय करायचं? इमारत टिकेल की नाही हे कोण सांगू शकतं? ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगावं. घाबरवलंत तरी चालेल, पण खरं सांगा.

---

धावता_दोरा

आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलंय, दाराच्या चौकटीत उभं राहायचं. चौकट सगळ्यात मजबूत असते. आणि बॅग भरलीत ते उत्तम केलंत. त्यात शिट्टी आणि सुट्टे पैसेही टाका, वीज गेली की फोनवरून पैसे देणं बंद होतं.

---

रिंगबांधणी

वृंदाताई, आधी तातडीचं. आज रात्रीपासून पार्किंगमध्ये कुणीही झोपू नये. बाकी सगळं नंतर वाचा, हे आधी खाली जाऊन सांगा.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारतींची तपासणी हे माझं रोजचं काम, आणि तुम्ही वर्णन केलीत तशी इमारत मला सगळ्यात जास्त काळजीत टाकते. कारण असं. वरच्या मजल्यांवर खांबांच्या मधे विटांच्या भिंती असतात. त्या खांबांना आवळून धरतात, त्यामुळे वरचे मजले मिळून एक ताठ पेटी बनते. तळाला भिंतीच नाहीत. जमीन आडवी सरकली की वरची पेटी फारशी वाकत नाही, सगळं वाकणं तळाच्या खांबांच्या वाट्याला येतं. ते खांब वरच्या टोकाला आणि पायाशी फुटतात, आणि पेटी जवळजवळ अखंड खाली बसते. मधे जे असेल ते चिरडतं. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या कितीतरी अशाच होत्या, खाली पार्किंग आणि वर घरं. तुमच्या शेजाऱ्यांनी नेमकी इमारतीतली सर्वांत धोक्याची जागा झोपायला निवडली आहे.

दोन पावलांत बाहेर पडू, हा हिशेबही धरून चालू नका. जोराच्या हादऱ्यात माणूस चालू शकत नाही, उभाही राहू शकत नाही. झोपेतून जागं होऊन काय चाललंय हे कळेपर्यंतच कित्येक सेकंद जातात. ज्यांना बाहेरच झोपायचं आहे त्यांनी खरोखर उघड्यावर झोपावं. इमारतीच्या उंचीएवढं तरी अंतर सोडून, विजेच्या तारा, कुंपणाची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यापासून लांब. तशी जागा नसेल तर आपापल्या घरात झोपणं पार्किंगपेक्षा बरं.

आता तुमचा खरा प्रश्न. पळायचं की थांबायचं? तिसऱ्या मजल्यावरून, गुडघे गेलेल्या सासूबाई आणि लहान मूल घेऊन, हादरे चालू असताना जिना उतरायचा विचार मनातून काढून टाका. जिना हा अशा इमारतीतला नाजूक भाग, आणि अंधारात तिथे एकावर एक माणसं पडतात. हादरे असेपर्यंत आत राहायचं. खाली बसायचं, भक्कम टेबलाखाली डोकं आणि मान झाकायची, टेबलाचा पाय धरून ठेवायचा, कारण टेबलही सरकतं. टेबल नसेल तर आतल्या भिंतीलगत, काचेपासून लांब, डोकं हातांखाली. हादरे पूर्ण थांबल्यावर, चपला घालून, जिना तपासत बाहेर. लिफ्ट नाही.

दाराच्या चौकटीबद्दल. ही समजूत जुन्या मातीच्या घरांवरून आलेली आहे. तिथे सगळं पडून लाकडी चौकट तेवढी उभी राहायची. काँक्रीटच्या इमारतीत चौकट बाकीच्या घराहून मजबूत नसते, आणि हलतं दार बोटं ठेचतं ते वेगळंच. हे सोडून द्या.

यापुढचं मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. लोक बॅगेपासून सुरुवात करतात. सुरुवात पलंगापासून करा.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास. जपानमधल्या कोबेचा १७ जानेवारी १९९५ ला पहाटे पावणेसहाला. तुर्कस्तानचा ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे सव्वाचारला. भूकंपाला दिवस-रात्र कळत नाही, नेपाळचा २०१५ चा भूकंप दुपारी बाराच्या जरा आधी झाला. पण रात्री येतो तेव्हा माणसं आडवी असतात, बेसावध असतात, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. चोवीस तासांतले सात-आठ तास तुम्ही, तुमचा मुलगा आणि सासूबाई नेमके कुठे असणार हे तुम्हाला आजच माहीत आहे. इमारत सुधारायला महिने लागतील, त्याला सगळ्यांची संमती लागेल. ही सहा फुटांची जागा मात्र तुम्ही आज संध्याकाळी बदलू शकता, कुणालाही न विचारता.

म्हणून आज तिन्ही झोपायच्या जागांवर स्वतः आडव्या व्हा आणि वर बघा, बाजूला बघा. काय पडू शकतं? लोखंडी कपाट, त्यावर रचलेल्या सुटकेसा, उशाशी टांगलेली काचेची तसबीर, माळ्यावरचे डबे, खिडकीची मोठी काच, टीव्ही. कोबेत सहा हजार चारशेहून जास्त माणसं गेली. बहुसंख्य लोक घरं आणि घरातलं सामान अंगावर पडून गेले, आणि तेही पहिल्या काही मिनिटांत. बॅग त्यांच्या काहीच उपयोगाची नव्हती. पलंग कपाटाच्या उंचीपेक्षा लांब सरकवा. जागा नसेल तर कपाट दोन्ही वरच्या कोपऱ्यांत एल पट्ट्या लावून भिंतीला आवळा. स्क्रू विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे, नुसत्या गिलाव्यात गेला तर पहिल्या हादऱ्याला उपटून येतो. जड वस्तू खालच्या कप्प्यात. उशाजवळची भिंत मोकळी.

स्वयंपाकघरात सिलिंडर उभा आणि भिंतीला साखळीने बांधलेला हवा, रात्री रेग्युलेटर बंद. धक्क्यानंतर काडी पेटवायची नाही, गॅसचा वास आला तर विजेचं बटणही दाबायचं नाही. वीज गेली असेल तर बाहेर पडताना मेन स्विच खाली करा. कोबेत वीज परत आल्यावर मोडक्या घरांमध्ये कितीतरी आगी लागल्या होत्या, पडलेले हीटर चालू झाले, चेपलेल्या वायरींतून ठिणग्या उडाल्या.

फोन स्वतःहून वाजवतो त्या भूकंपाच्या इशाऱ्याविषयी (पुढे पाठवलेल्या मेसेजविषयी नाही) कुणीतरी विचारेलच. तो इशारा भविष्य सांगत नाही, भूकंप झाल्यावरच येतो. आधी वेगाने जाणारी लाट निघते, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. खरी मोडतोड करणारी लाट मागून येते, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. त्या दोघींमधल्या फरकात तुम्हाला काही सेकंद मिळतात. केंद्र शंभर किलोमीटरवर असेल तर हा फरक दहा-बारा सेकंदांचा. केंद्र तुमच्या पायाखालीच असेल तर काहीच नाही. इशारा चालू ठेवा, पण पलंग त्याच्या भरवशावर सोडू नका.

---

वृंदा_तिसरा_मजला

वाचता वाचता अंगावर काटा आला. लगेच खाली जाऊन सांगितलं. दोन कुटुंबं वर आली. बाकीच्यांनी गाद्या उचलून समोरच्या मोकळ्या मैदानात नेल्या. एक काका अजून तिथेच आहेत, म्हणतात खांब जाड आहेत.

आमच्या खोलीत कपाट मुलाच्या डोक्याशीच होतं. त्याचा पलंग खिडकी आणि कपाट दोन्हींपासून दूर सरकवला आहे, पट्ट्या उद्या.

पण सासूबाई टेबलाखाली जाऊच शकत नाहीत. त्यांना खाली बसवलं तर उठवायला दोघं लागतात. त्यांचं काय?

---

वॉर्डातली_ताई

वृंदा, मी अपघात विभागात नर्स आहे. सासूबाईंना खाली बसवायचा प्रयत्नच करू नकोस. त्या पलंगावर असतील तर पलंगावरच राहायचं. कुशीवर किंवा पालथं व्हायचं, उशी डोक्यावर आणि मानेवर दाबून धरायची. वर आणि आजूबाजूला पडण्यासारखं काही नसेल तर ती जागा त्यांच्यासाठी घरातली सर्वांत चांगली. खुर्चीत असतील तर तिथेच पुढे वाकायचं, हातांनी मान झाकायची. चाकाची खुर्ची असेल तर आधी ब्रेक. आणि तू हादऱ्यात त्यांच्या खोलीकडे धावू नकोस. हे ऐकायला फार कठीण आहे, मला माहीत आहे. पण तू पॅसेजमध्ये पडलीस तर नंतर त्यांना उठवायला कुणी उरणार नाही. त्यापेक्षा काही दिवस तिघांनी एकाच खोलीत झोपा.

पलंगाच्या पायाला एक कापडी पिशवी बांध. प्रत्येकाच्या पलंगाला वेगळी. आत जाड तळव्याच्या चपला किंवा बूट, टॉर्च, शिट्टी, चष्मा. बांधायची अशासाठी की हादऱ्यात सुटी वस्तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. अंधारात, अनवाणी, फुटलेल्या काचांवरून चालणं ही भूकंपात होणाऱ्या अगदी नेहमीच्या दुखापतींपैकी एक, आणि ती टाळणं सगळ्यात सोपं. बाकीच्यांना मदत करायला तुझे पाय शाबूत हवेत.

सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या निदान आठवडाभराच्या वेगळ्या ठेव. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो तुझ्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या फोनमध्ये असू दे. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करण्याची गोळी, जे असेल ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या पिशवीत टाक.

पाणी माणशी रोज चार लिटर धरायचं, पिण्याला आणि अगदी जरुरीच्या वापराला मिळून, आणि किमान तीन दिवसांचं. त्याहून जास्त जमलं तर अधिक चांगलं.

आता एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. ढिगाऱ्याखाली कुणाचा पाय किंवा मांडी दबली असेल आणि काहीच मिनिटं झाली असतील तर शक्य तितक्या लवकर वजन हटवा. पण कित्येक तास झाले असतील आणि वैद्यकीय मदत पोचण्यासारखी असेल तर घाईने ओढून काढू नका. दबलेल्या स्नायूंत साचलेलं पोटॅशियम आणि इतर घटक एकदम रक्तात येतात, हृदय थांबू शकतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. बाहेर काढेपर्यंत बोलणारा, हसणारा माणूस सुटका झाल्यावर थोड्या वेळात कोसळतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा, १९४१ मध्ये, हे पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं. अशा वेळी बचावपथकाला आधी सांगायचं, "पाय अमुक वेळेपासून दबलाय." सलाईन सुरू करूनच ते काढतात. वेळ लक्षात ठेवणं हे शेजाऱ्याचं काम.

आणि शेजारीच पहिले असतात. कोबेत जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं, पथकं पोचायच्या आधी. म्हणून मैदानात गादी घेऊन गेलेल्या त्या कुटुंबांशी वाद झाला असेल तरी बोलणं चालू ठेव. कुणाच्या घरी कोण झोपतं, कुठल्या खोलीत, हे एकमेकांना माहीत असू द्या.

---

दगडमातीचं_घर

इथे सगळी चर्चा फ्लॅटची चालली आहे. आमचं घर दगड-मातीचं, वडिलांच्या वडिलांनी बांधलेलं. भिंती हातभर जाड, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. थंडगार राहतं. लोक म्हणतात एवढ्या जाड भिंती कशा पडतील? आम्हीही टेबलाखाली बसायचं का?

---

रिंगबांधणी

नाही. दादा, तुमच्यासाठी उत्तर वेगळं आहे, बरं झालं विचारलंत.

किल्लारीचा भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता, सहाच्या जरा वर. तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मेली ती अशाच भिंतींखाली आणि अशाच छतांखाली. भिंत जाड दिसते, पण ती खरं तर दोन भिंती असतात. आतली एक रांग, बाहेरची एक रांग, आणि मधे बारीक दगड आणि माती भरलेली. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुधा नसतातच. हादऱ्यात मधली भर खाली दबते, दोन्ही रांगा फुगतात आणि सुट्या होऊन पडतात. वर मातीचा थर, तोही दर काही वर्षांनी गळती थांबवायला वाढवलेला. ते सगळं वजन झोपलेल्या माणसावर येतं.

म्हणून तळमजल्यावर असाल, दार दोन-चार पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल, तर पहिला हादरा जाणवताच बाहेर पडा आणि भिंतीपासून लांब जा. अरुंद बोळात थांबू नका, दोन्हीकडच्या भिंती तिथेच येतात. दाराजवळ झोपा, दाराला रात्री अडचण ठेवू नका, कडी अंधारात उघडेल अशी असू द्या.

आणि घर सुधारता येतं, पाडावंच लागतं असं नाही. छतावरचे जादा मातीचे थर उतरवा, हे पहिलं आणि सगळ्यात स्वस्त काम. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड काढून तिथे सळई घातलेला काँक्रीटचा आरपार दगड बसवतात. दारांच्या वरच्या पातळीला भिंतीच्या आतून आणि बाहेरून जाळीचा पट्टा लावून सिमेंटचा गिलावा करतात आणि दोन्ही पट्टे भिंतीतून एकमेकांना बांधतात. चारही भिंती मग एकत्र हलतात, एकेकटी पडत नाही. हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच. मिस्त्री चांगला असला तरी क्रम चुकला तर भिंत कामातच उतरते. एका वेळी एकच जागा उकलायची.

---

भूगोलाचे_सर

मेसेजबद्दल आणि मुलाबद्दल बोलतो. शाळेत हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आहे.

तारीख आणि वेळ सांगणारा प्रत्येक मेसेज खोटा समजा. अशी पद्धत आजवर कुणाकडेही नाही. चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगला मोठ्या भूकंपाआधी लोकांना घराबाहेर काढलं गेलं, कारण आधी लहान धक्क्यांची रीघ लागली होती. सगळ्यांना वाटलं आता जमलं. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ च्या पहाटे, तांगशानला कसल्याही इशाऱ्याशिवाय भूकंप झाला आणि सरकारी आकड्यानुसारच दोन लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं गेली.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. लहान धक्के बसताहेत म्हणजे जमिनीतला ताण मोकळा होतोय, आता मोठा येणार नाही, असं लोक बोलतात. गणित करून पाहा. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. दोन अंकांना हजार पट. म्हणजे सहाच्या एका भूकंपाची ऊर्जा मोकळी व्हायला चारचे हजार धक्के लागतील. कोयनेच्या परिसरात धरण भरू लागल्यावर १९६२ पासून लहान धक्के जाणवत होते आणि मोठा १९६७ ला आला. दुसरीकडे, जगभरात धक्क्यांच्या अशा कित्येक मालिका काहीही मोठं न होता आपोआप विरून जातात. आपल्या हातात दोन्ही शक्यता धरून वागणं एवढंच आहे.

आता मुलगा. "आज येईल का?" याचं उत्तर "नाही, काही होणार नाही" असं देऊ नका. उद्या एखादा धक्का बसला की तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दावरचा त्याचा विश्वास जाईल. "मला माहीत नाही, कुणालाच माहीत नसतं. पण आला तर आपण काय करायचं ते आपल्याला माहीत आहे," असं सांगा, आणि मग ते खरंच करून दाखवा. प्रत्येक खोलीत त्याची जागा त्यालाच शोधायला लावा. आधी दिवसा, मग दिवे घालवून. मुलं हे लवकर शिकतात आणि मोठ्यांना दुरुस्तही करतात. त्याला एक काम द्या, नाममात्र नाही, खरंच उपयोगाचं. रोज झोपताना तिन्ही पिशव्यांतले टॉर्च लागतात का ते बघणं, आणि आजीला उशी डोक्यावर घ्यायची आठवण करणं. जपानमध्ये दर वर्षी १ सप्टेंबरला देशभर सराव होतो, १९२३ च्या त्या दिवशी तोक्यो परिसर उद्ध्वस्त झाला होता म्हणून. तिथली मुलं बालवाडीपासून हे करतात.

आणि तो मेसेजचा फोन झोपायच्या आधी दुसऱ्या खोलीत ठेवा.

---

वृंदा_तिसरा_मजला

काल इमारतीची बैठक झाली. पार्किंगमधल्या काकांना अहमदाबादचं वाचून दाखवलं, ते काल रात्री घरात झोपले.

मुलाने टॉर्चची जबाबदारी इतकी मनावर घेतली आहे की शेजारच्यांचेही टॉर्च तपासून आला. सासूबाईंनी पालथं व्हायचा सराव नको म्हणून सांगितलं, पण कुशीवर वळून उशी घेणं त्यांना जमतं. खाली नेऊन ठेव हे म्हणणं थांबलं आहे.

बैठकीत मात्र इमारतीच्या तपासणीवर गाडी अडली. काहीजण म्हणाले, तपासणीत कमजोर निघाली तर फ्लॅटची किंमत पडेल. एकजण म्हणाले त्यांच्या ओळखीचा ठेकेदार खांबांना नवा गिलावा करून देईल, तेवढ्याने भागेल. पुढच्या बैठकीत मी काय मागायचं?

---

रिंगबांधणी

नव्या गिलाव्याला ठाम नकार द्या. आतली गंजलेली सळई झाकली जाते आणि पुढचा तपासणारा फसतो, एवढंच त्याने होतं.

तुम्ही मागायचं ते असं. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी, आणि तीही भूकंपाच्या दृष्टीने. नेहमीची तपासणी बहुधा गळती, गंज आणि स्लॅबपुरती असते. मंजूर नकाशे आणि सळईचे मूळ आराखडे शोधा. आराखडे नसतील तर खांबांमधल्या सळया यंत्राने शोधता येतात, काँक्रीटची ताकद हातोडीच्या आणि ध्वनिलहरींच्या चाचणीने अंदाजता येते, शंका असेल तिथे छोटा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. इंजिनिअरला एक प्रश्न नक्की विचारा: तळाच्या खांबांत उभ्या सळयांना आवळणाऱ्या आडव्या सळईच्या रिंगा किती अंतरावर आहेत आणि त्यांची टोकं आत वळवलेली आहेत का? रिंग नव्वद अंशात नुसती दुमडलेली असेल तर हादऱ्यात ती उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. एकशे पस्तीस अंशात आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवलेली असेल तर ती टिकून राहते. सगळी इमारत त्या एवढ्याशा वळणावर उभी असते, आणि साइटवर ते वळण करायला मजूर कंटाळतात म्हणून बऱ्याच ठिकाणी ते नसतं.

उपाय आहेत. तळाच्या खांबांभोवती नवी सळई आणि नवं काँक्रीट घालून ते जाड करतात. काही खांबांच्या मधे पायापासून काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी तिरके आधार देतात, गाड्या लावायला जागा उरते. हे आधार दोन्ही दिशांना आणि दोन्ही बाजूंना सारखे हवेत. एकाच कोपऱ्यात भिंत घातली तर इमारत पिळवटते आणि पहिल्यापेक्षा वाईट होते, म्हणून ठेकेदाराच्या अंदाजाने एकही वीट रचू देऊ नका. नेपाळमध्ये २०१५ च्या आधी ज्या शाळांच्या इमारती मजबूत करून घेतल्या होत्या त्या त्या भूकंपात उभ्या राहिल्या, आजूबाजूला पडझड होत असताना. किमतीची काळजी करणाऱ्यांना हे सांगा. दुरुस्त झालेल्या आणि तसं कागदावर असलेल्या इमारतीत घर घेताना माणूस निर्धास्त असतो.

तपासणी होईपर्यंत गच्चीवर नवीन टाकी नको, एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. कुणीही घरातली भिंत तोडून खोल्या मोठ्या करायच्या नाहीत. फाटकाच्या किल्ल्या एकाच माणसाकडे नकोत, निदान तीन घरांत हव्यात. गाड्या जिन्याच्या तोंडाशी लावू नका. आणि बाहेरगावच्या कुणातरी एका नातेवाइकाचा क्रमांक तिघांनीही पाठ करा. फोन लागत नाहीत तेव्हाही छोटा लेखी संदेश बऱ्याचदा जातो. नवरा रात्रपाळीवर असेल तर दोघांनीही त्या एकाच माणसाला "सुखरूप" कळवायचं, एकमेकांना शोधत फिरायचं नाही.

मूळ आराखडा मिळाला तर नावं आणि फ्लॅटचे क्रमांक झाकून त्याचा फोटो इथे टाका. खांबांची मापं आणि मांडणी कळली की इंजिनिअरला नेमकं काय विचारायचं ते आणखी सांगते.